पाहुणे मुक्कामाला

तीर्थरूप तात्या,

पत्ता कुणाचा लिहावा, इथंच माझं घोडं अडलं. तुम्ही होता तोवर तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही. एका घरात राहून कोण कुणाला पत्र लिहितं? आता तुम्हाला जाऊन महिना झाला आणि आज वही घेऊन बसले आहे, कारण परवा दुपारी कडी वाजली.

तीनदा वाजली. तुम्ही वाजवायचात तशीच, दोनदा लागोपाठ आणि तिसऱ्यांदा जरा थांबून. मी आत पीठ चाळत होते. हातातलं काम न सोडता आतूनच ओरडले, "बाहेर गेलेत, येतील दिवस मावळायला!"

ओरडले आणि माझी मीच गार पडले. दार उघडलं तर नवीन पोस्टमन उभा. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "म्या तर काई इचारलंच न्हाई, बाई. कोन बाहेर गेलंय?"

सही करून पाकीट घेतलं आणि दार लावलं.

पाकिटात नोटीस होती, आपल्या बाळूच्या वकिलाची. तुमच्या लेकानं पुण्याहून सख्ख्या बहिणीला रजिस्टरनं पाठवलेली! मी तुमची कुलमुखत्यार म्हणून विहिरीचा भाडेपट्टा दूध संस्थेला लिहून दिला, त्या दिवशी तुमचं डोकं ठिकाणावर नव्हतं, म्हणून तो दस्त रद्द समजावा, असं तीत लिहिलंय. वाचून मला आधी राग आला. मग भीती वाटली. कारण तात्या, बाळूनं अंदाजानं दगड मारलाय आणि तो नेमका बसलाय.

तुम्ही मला मुखत्यारपत्राचा कागद करून दिलात तो दिवस आठवतो का? आता तरी आठवत असेल. आपण दोघं लिंबागणेशहून बसनं बीडला गेलो होतो. तुमच्या थोरल्या भावाचं, आबांचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. आबांची शेवटची चार वर्षं सगळ्या घरानं पाहिली होती. हात धडधाकट, सही वळणदार, पण ती सही कुणाची ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या शेताचं एक काम पुढं सरकलं नाही. तुम्ही त्याचा धसका घेतला होता. बसमध्ये मला म्हणालात, "शकू, माझं बी डोस्कं आबावानी गेलं तर घर अडाया नगं. तू समदं बघ. बाळू लांब हाय, आन तू माझ्यावानी भांडकुदळ हायेस."

बापानं लेकीची एवढी तारीफ त्याआधी कधी केली नव्हती!

रजिस्ट्री ऑफिसबाहेरच्या लेखनिकानं कागद लिहिला. तुम्ही चष्मा लावून ओळ न् ओळ वाचलीत, आणि 'मी हयात असेपर्यंत' या शब्दांवर बोट ठेवून म्हणालात, "हे झाक झालं. म्या हाय तवर कागद हाय. म्या गेलो की चुलीत घाल." लेखनिकानं मान डोलावली, मीही डोलावली. आपल्या भागात सगळे हेच समजतात. माणूस जिता तर कागद जिता.

चूक तिथंच झाली, तात्या. पण ती कळायला मला परवाची नोटीस यावी लागली.

मधली दोन वर्षं तुम्ही ठणठणीत होता. मग लागोपाठ दुसरा दुष्काळ पडला. बोअर आटले, टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, दुपारी गावात चिटपाखरू दिसायचं नाही. त्या उन्हाळ्यात एके दिवशी दोनच्या सुमाराला कडी वाजली. मी दार उघडलं. तुम्ही उभे. टोपी नीट केलेली, धोतराचा सोगा हातात. परसदारानं बाहेर पडून, बोळाला वळसा घालून, आपल्याच घराच्या पुढच्या दाराशी आला होता.

"तात्यासाहेब हायेत का घरी?" तुम्ही विचारलंत.

मला वाटलं, माझी थट्टा चाललीय. मी हसत म्हटलं, "बाहेर गेलेत."

तुम्ही हसला नाहीत. "बरं. वाट बघतो," म्हणालात, चपला दाराशी काढल्यात आणि ओसरीवरच्या बाकावर अगदी कडेला टेकलात, परक्या घरी टेकतात तसे. मी पाणी दिलं. तुम्ही निम्मं प्यालात आणि निम्मं तांब्यात परत ओतलंत. दुष्काळात दुसऱ्याच्या घरचं पाणी असंच प्यायचं असतं ना! भिंतीवरच्या तुमच्याच फोटोकडं बघून विचारलंत, "हेच का ते? लई शिस्तीचा मानूस म्हन्तेत."

मी तांब्या उचलून आत गेले.

पण दिवस मावळला आणि तुम्ही उठलात, आत जाऊन तोंड धुतलंत आणि नेहमीच्या आवाजात हाक मारलीत, "शकू, कुनी आलतं का गं?"

"आलते एकजण," मी चाचरत सांगितलं.

"काय म्हनले?"

तेव्हा मी काय करायला हवं होतं, सांगा ना? तुम्हाला सांगायचं, की तात्या, तुम्हीच आला होता? मला धीर झाला नाही. मी म्हटलं, "सहज आलते. रामराम सांगितलाय."

"माझाबी सांग," तुम्ही म्हणालात आणि जेवायला बसलात.

मग तो पाहुणा रोज यायला लागला. मी त्याला पाहुणाच म्हणायला लागले. दुपारी तो यायचा, निरोप ठेवायचा. संध्याकाळी तुम्ही यायचात, निरोपाचं उत्तर द्यायचात. दुसऱ्या दिवशी ते उत्तर मी पाहुण्याला सांगायची. तुमच्या दोघांच्या मधली मुखत्यार मी! कुणाला सांगितलं नाही. बाळूला तर मुळीच नाही. तो म्हणाला असता, पुण्याला आणा. आणि खरं सांगू? मला त्या पाहुण्याची सवय झाली होती. तुम्ही मला कधी 'बस' म्हणाला नाहीत. तो म्हणायचा, "बाई, किती येळ उभ्या ऱ्हाता? टेका की जरा."

एकदा त्यानं विचारलं, "तात्यासाहेबाला पुन्याला लेक हाय म्हनं. येतो का कधी?" मी तेव्हा बाळूवर चिडलेली होते. फटकन म्हणाले, "नाही येत." पाहुण्यानं मान खाली घातली.

मग छावणीची गोष्ट निघाली. भागवतकाका, तुमच्यानंतर दूध संस्थेचे चेअरमन झालेले, सकाळीच तुमच्याकडं आले. गावची जनावरं बाजारात कवडीमोलानं चालली होती. संस्थेनं चारा छावणी मागितली होती, पण पाण्याची सोय कागदावर दाखवल्याशिवाय मंजुरी मिळेना. पाणी होतं ते एकट्या तुमच्या विहिरीला. काका म्हणाले, एका उन्हाळ्याचं नको, तीस वर्षांचा पट्टा करा, संस्था पंप बसवील, हौद बांधील. तुम्ही ऐकून घेतलंत, नुसतं "हूं" म्हणालात.

आजवर तुमचं एकच म्हणणं असायचं, पाणी कुणालाही भरू द्यावं, पण विहीर लिहून देऊ नये. ती तुम्ही स्वतः खोदली होती, आईला घेऊन, स्वतःच्या कमाईच्या रानात. म्हणून मी गप्प बसले.

दुपारी कडी वाजली. पाहुणा बाकावर टेकला नाही. उभ्यानंच हात जोडून म्हणाला, "बाई, तात्यासाहेबाला तेवढं सांगा. विहीर सोडा म्हनावं. मुकी जनावरं हायेत."

संध्याकाळी मी तुम्हाला निरोप दिला. तुम्ही किती वेळ खांबाला टेकून बसला होता! मग म्हणालात, "त्याला म्हनावं, उद्या सांगतो."

तात्या, ते तुमचं शेवटचं बोलणं. तुमचं म्हणजे, तुमचं.

दुसऱ्या दिवशी पाहुणा आला, बाकावर बसला. दिवस मावळला. मी दिवा लावला. तुम्ही उठाल, तोंड धुवाल, हाक माराल म्हणून मी आत वाट बघत होते. हाक आली नाही. बाहेर आले तर पाहुणा तसाच बसलेला. दिव्याच्या उजेडात माझ्याकडं बघून म्हणाला, "अजून आले न्हाईत वाटतं तात्यासाहेब? आज लईच उशीर झाला."

मी त्याला जेवायला वाढलं. तुमच्या ताटात, तुमच्या पाटावर. तो "उगी तकलीफ" म्हणत संकोचून जेवला. तुमच्या खोलीत त्याचं अंथरूण घातलं, तर म्हणाला, "ही तात्यासाहेबांची जागा दिसती. म्या ओसरीवर पडतो." आणि ओसरीवर झोपला.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी टँकरचा वार लिहून ठेवायची. त्या तारखेच्या चौकोनात त्या दिवशी लिहिलं, 'पाहुणे मुक्कामाला'. का लिहिलं कोण जाणे. अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टर भरलं, हाताला तारखेपुढं काहीतरी लिहायचा चाळाच आहे. पाहुणा दोन दिवस राहील, मग तुम्ही परत याल, असंच वाटत होतं मला.

तुम्ही परत आला नाहीत. तुमच्या पायांनी पाहुणाच घरात हिंडत राहिला.

चौथ्या दिवशी मी पट्ट्यावर सही केली. छावणीची मुदत संपत होती, भागवतकाका दाराशी जीप घेऊन उभे. तुम्हाला एकटं कसं ठेवायचं? म्हणून पाहुण्यालाही बरोबर घेतलं. तो रजिस्ट्री ऑफिसच्या आवारात लिंबाखाली बसला, ड्रायव्हरला सांगत, "तात्यासाहेबांचं काम हाय म्हनं आज." आत कारकुनानं मला घोषणापत्र दिलं. लिहून देणार हयात आहेत, त्यांनी मुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही, आणि अन्य कोणत्याही कारणानं ते रद्द ठरलेलं नाही. मी सही केली. कारकून सहज म्हणाला, "वडील कुठायत?"

खिडकीतून तुम्ही मला दिसत होता. टोपी मांडीवर ठेवून वारा घेत होता. मी म्हणाले, "बाहेरगावी गेलेत."

घरी येताना जीपमध्ये पाहुण्यानं विचारलं, "काय म्हनले मग तात्यासाहेब?"

"हो म्हणाले," मी सांगितलं. "विहीर दिली."

तुम्ही रडलात, तात्या. डोळे पुसत म्हणालात, "लई मोठा मानूस. माझा रामराम सांगा." मी खिडकीबाहेर तोंड केलं. तुमच्या तोंडून तुमचीच एवढी स्तुती, आणि ती माझ्या खोट्यावर!

छावणी झाली. जनावरं वाचली, ते खोटं नाही. एकदा तुम्हाला हौदापाशी नेलं, तर तुम्ही गड्याला विचारलंत, "इहीर कुनाची?" "तात्यासाहेबांची." "त्यायनी दिली?" "दिली की." "झाक केलं," तुम्ही म्हणालात. मी ते शब्द मनात जपून ठेवले. म्हटलं, झाली ना संमती! उशिरा का होईना, पण झाली.

काल नोटीस घेऊन बीडला वकिलांकडं गेले तेव्हा हेच आधी सांगितलं. वकील शांत माणूस आहे. म्हणाले, "ताई, ज्याला स्वतःची ओळख नाही त्याच्या 'हो'ला कायद्यात किंमत नाही. आणि एक ऐका. आपल्याकडं मुखत्यारपत्र माणूस मेल्यावर संपतं, तसंच त्याचं डोकं गेलं की त्याच दिवशी संपतं. ज्याला स्वतःला सही करता येत नाही, त्याच्या वतीनं दुसऱ्याला कशी करता येईल?"

"पण त्यांनी तो कागद त्याच दिवसासाठी केला होता!" मी जवळजवळ ओरडलेच.

"सगळे त्याचसाठी करतात," ते म्हणाले. काही देशांत डोकं गेल्यावरही चालणारा कागद असतो म्हणे. आपल्याकडं तसं नाही. कोर्टात जायचं, डॉक्टरांचा दाखला द्यायचा, कोर्टाकडून पालक नेमून घ्यायचा, आणि मग जमिनीचं काही करायचं तर कोर्टाला विचारून करायचं. म्हणजे तुम्ही मला दिलेली छत्री पावसाचा पहिला थेंब पडताच आपोआप मिटणारी होती. लेखनिकाला ठाऊक नव्हतं, तुम्हाला नव्हतं, मला नव्हतं.

मग वकिलांनी विचारलं, "डोकं गेलं ते नेमकं कोणत्या दिवशी?"

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर भाडेपट्ट्यानंतर दोन महिन्यांची तारीख आहे. तेव्हाच तर तुम्हाला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं. वकिलांचा चेहरा उजळला. "मग काळजीच नको. चिठ्ठी नंतरची, सही आधीची. तुम्ही फक्त म्हणायचं, सहीच्या दिवशी वडील शुद्धीत होते. दुसरा पुरावा आहे कुठं?"

मी कॅलेंडरचं सांगितलं. ते थोडा वेळ पेनाचं टोपण उघडझाक करत राहिले. मग हळूच म्हणाले, "जुनी कॅलेंडरं कुणी ठेवतं का, ताई?"

मी ठेवलंय. तिथंच, खिळ्याला. त्यावर दोन नवी चढली, तरी खाली तेच आहे. कालपासून मी ते चारदा काढलं आणि चारदा परत लावलं. चूल पेटलेली होती, तात्या. खोटं कशाला बोलू?

मी गप्प बसले तर विहीर गावाची राहते, माझी अब्रू राहते, तुमचं मोठं नाव राहतं. तोंड उघडलं तर पट्टा मोडतो, विहीर तुमची म्हणून आम्हा दोघा भावंडांत येते, आणि गाव म्हणेल, मास्तरीणबाईनं बापाच्या नावानं खोटी सही केली. नोटिशीचं ऐकून भागवतकाका पाया पडून गेले सकाळी. सत्तरीचा माणूस माझ्या पाया! म्हणाले, "शकूताई, कावून उकरता जुनं? यंदाबी पानी न्हाई. तात्याबी हो च म्हनले असते."

म्हणाला असता का, तात्या? मला खरंच माहीत नाही. तुम्ही "उद्या सांगतो" म्हणालात. नाही म्हणायचं असतं तर तुम्ही तिथल्या तिथं म्हणणारे. पण हो म्हणायलाही तुम्हाला कधी रात्र लागली नव्हती. मी तुम्हाला चाळीस-पन्नास वर्षं पाहिलं, आणि त्या एका रात्रीत तुमच्या मनात काय चाललं होतं ते मला सांगता येत नाही. राग येतो मला तुमचा. एवढी एक गोष्ट सांगून जायला काय झालं होतं?

तुम्ही गेलात त्या सकाळचं कुणाला सांगितलेलं नाही. मी उशाशी होते. तुम्ही डोळे उघडलेत, मला ओळखलंत असं मला वाटलं, मी वाकले. तुम्ही म्हणालात, "बाई, तात्यासाहेब आले की सांगा, म्या लई वाट बघून गेलो." आणि गेलात. बाळू पुण्याहून पोचला तेव्हा त्यानं विचारलं, शेवटी काय म्हणाले? मी सांगितलं, काही नाही, शांतपणे गेले. तेही खोटंच होतं. एका 'हो'पासून मी किती खोटं विणत आले!

आज सकाळी मी बाळूला फोन केला. आधी तो वकिलासारखंच बोलत होता. मी म्हटलं, "बाळू, तुला तारीख पाहिजे ना? मी सांगते." आणि सगळं सांगितलं. कडी, बाक, निम्मं पाणी, ओसरीवरचं अंथरूण, शेवटचं बोलणं. मग तो अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणाला, "ताई, त्या पाहुण्यानं माझं विचारलं होतं का गं कधी?"

मी सांगितलं, विचारलं होतं. आणि मी काय उत्तर दिलं होतं, तेही सांगितलं. तो रडला. मला वाटतं त्याला विहीर नकोच होती. तुम्ही जाताना त्याला कुणी बोलावलं नाही, त्याचा हिशोब तो विहिरीत शोधत होता. नोटीस मागं घेईन म्हणाला. मी नको म्हटलं.

हो, नको म्हटलं. भागवतकाकांना कळलं तर डोकंच फोडून घेतील. पण नोटीस मागं गेली तर ते 'हो' तुमच्या नावावर कायमचं राहील. तुमचा मुक्काम तुमच्याच घरात परक्यासारखा झाला, त्यात मी तुमच्या तोंडी परके शब्दही घातले. एवढं ओझं घेऊन मला म्हातारं व्हायचं नाही.

म्हणून तुम्हाला शब्द देते. सोमवारी मी कॅलेंडर पिशवीत घालून बीडला जाईन आणि सांगेन, या तारखेला संध्याकाळी माझे वडील परत आले नाहीत, आणि चौथ्या दिवशी मी जी सही केली तिच्यामागं कुणीही नव्हतं, मी एकटी होते. पट्टा मोडायचा तर मोडू द्या. मग विहिरीतला माझा अर्धा हिस्सा मी संस्थेला देईन, माझ्या नावानं, माझ्या अकलेनं. उरलेल्या अर्ध्याचं बाळूला जे वाटेल ते तो करील. जनावरं तहानेली राहणार नाहीत, एवढं मी बघते. गावात कुणी म्हणालं, तात्यासाहेबांनी विहीर दिली, तर मी तिथंच थांबवून सांगेन, त्यांनी दिली नाही. ते विचार करत होते.

तुमची,
आता कुणाचीही मुखत्यार नसलेली,
लेक शकू